गोल्ड टिकवण्यासाठी दीड लाख?

प्रश्न : मी ४३ वर्षांची, खारघरला राहते. ऐरोलीतल्या एका औषध कंपनीत क्वालिटी ऑडिटचं काम करते. कंपनीच्या प्रवासामुळे गेली काही वर्षं एअर इंडियाची गोल्ड सदस्य आहे. यंदा निम्मी ऑडिट्स व्हिडिओवरच उरकली, त्यामुळे टिअर पॉइंट्स, म्हणजे सदस्यत्वाचा दर्जा ठरवणारे पॉइंट्स, कमी पडतायत. सिंगापूरचं बिझनेस क्लासचं जाऊन-येऊन तिकीट १,३८,००० रुपयांना मिळतंय. शनिवारी जाऊन रविवारी परतले तर गोल्ड वाचतं. शिवाय बँकेने ‘फक्त निमंत्रितांसाठी’ असलेलं क्रेडिट कार्ड देऊ केलंय. वर्षाला १२,५०० रुपये अधिक जीएसटी, आणि वर्षात दहा लाख खर्च केले तर शुल्क माफ. आमच्या एका डायरेक्टरसाहेबांना परदेशी विमान कंपनीने न मागता सर्वात वरचं, निमंत्रितांचं सदस्यत्व दिलं. टिकून राहिले तर मलाही कधीतरी तसं बोलावणं येईल, असं वाटतं. बोनसचे दीड लाख हातात आहेत. माझे महिन्याला १,६५,००० हातात येतात. मिस्टर पनवेलला ज्युनियर कॉलेजात शिकवतात, त्यांचे ८५,०००. गृहकर्ज ३८ लाख बाकी, व्याज ८ टक्के, अजून १४ वर्षं. मुलगी दहावीत, मुलगा सहावीत, सासूबाई आमच्याकडेच असतात. मिस्टर म्हणतात, हा शुद्ध वेडेपणा आहे. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : ताई, सिंगापूरचं तिकीट काढू नका, आणि कार्डही आत्ता घेऊ नका. पण तुमच्या मिस्टरांशीही मी पूर्ण सहमत नाही. हा वेडेपणा नाही. तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय, की पंधरा वर्षं हार्बर लोकलच्या गर्दीत पर्स छातीशी धरून प्रवास केला आणि आता कुणीतरी नाव घेऊन ‘या मॅडम’ म्हणतं. ते बरं वाटणं खरं आहे, त्याची चेष्टा करण्याचं काही कारण नाही. प्रश्न एवढाच, की त्याची ही किंमत बरोबर आहे का, आणि ती तुमच्या खिशातून जावी का.

आधी हिशेब. पुढच्या वर्षी तुमच्या अंदाजाने परदेशाच्या दोन फेऱ्या आणि देशातल्या पाच. परदेशच्या फेरीत जाता-येता आणि मधल्या विमानतळावर धरून लाउंजमध्ये, म्हणजे विमानतळावरच्या खाण्यापिण्याच्या खास प्रतीक्षालयात, तीन-चार वेळा जाणं होतं. दोन फेऱ्यांचे सात वेळा धरू, दर वेळचे अडीच हजार, म्हणजे साडेसतरा हजार. देशातल्या दहा उड्डाणांपैकी निम्मी तुम्हीच म्हणता तशी इंडिगोची, तिथे हे गोल्ड चालत नाही. उरली पाच, बाराशेच्या दराने सहा हजार. एकूण साडेतेवीस हजार. जास्तीचं सामान, अपग्रेडची कूपनं, लवकर चढायला मिळणं या सगळ्याचे मी उदारपणे आणखी वीस हजार लावते. झाले ४३,५००. त्यासाठी १,३८,००० घालायचे! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आणि हे ४३,५०० तरी पूर्ण तुमचे कुठे आहेत? दौऱ्यावरच्या जेवणाचं बिल कंपनी देते. लाउंजमध्ये उपमा आणि कॉफी घेतलीत तर वाचतो तो कंपनीचा पैसा. तुमचा भत्ता बिल न मागता रोजचा ठरावीक मिळत असेल तरच ती बचत तुमच्या पर्समध्ये येते. देशातल्या लाउंजचं तर तुमच्या सध्याच्या साध्या कार्डावरही भागतं. काउंटरवर कार्ड घासलं की दोन रुपये कापल्याचा मेसेज येतो आणि आत सोडतात. सकाळी सहाच्या सुमाराला बाहेर रांग आणि आत खुर्ची शोधत फिरणारी माणसं, हा अनुभव गोल्डवाल्यांना आणि दोन रुपयेवाल्यांना बहुतेक वेळा एकाच खोलीत येतो.

तुमच्या यादीत एक गोष्ट मात्र खरोखर दमदार आहे. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या जागतिक गटात आहे, त्यामुळे तुमचं गोल्ड लुफ्थान्सा, स्विस, सिंगापूर एअरलाइन्स यांच्या प्रवासातही चालतं. इकॉनॉमीचं तिकीट असलं तरी लाउंज, वेगळी चेक-इन रांग, आणि जिथे सामान वजनावर मोजतात तिथे २० किलो जास्त. वर्षातून आठ-दहा वेळा युरोपला जाणाऱ्या माणसाला हे सोनंच. तुम्ही तशा होतात तेव्हा ते तुम्हाला मिळालंही, एक पैसा न घालता. कारण तो दर्जा कंपनीच्या तिकिटांतून आला होता. आता पहिल्यांदाच तो स्वतःच्या पैशाने विकत घ्यायची वेळ आलीय, आणि नेमकी त्याच वर्षी, ज्यानंतर तो वापरायचे प्रसंग कमी होणार आहेत.

घरच्यांसोबत जाताना काय होतं तेही बघा. लाउंजमध्ये तुमच्याबरोबर एकच पाहुणा. तुम्ही चौघं, सासूबाई धरून पाच. आत कोणाला नेणार आणि सँडविचच्या स्टॉलसमोर कोणाला बसवणार? शिवाय घरचं तिकीट आपण सगळेच दर बघून काढतो, अलायन्स बघून नाही. त्यात तुम्ही खारघरच्या. उलव्याचा नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालाय, आणि सुरुवातीलाच तिथे आल्या त्या इंडिगो, अकासा, एअर इंडिया एक्स्प्रेस. यातली एकही स्टार अलायन्सची सदस्य नाही. सुट्टीत गोव्याला जायचं तर पहाटे तीनला उठून मुंबईच्या विमानतळावर, सहारला जाण्यापेक्षा उलव्याला जाणं तुम्ही पसंत कराल, आणि तिथे तुमचं गोल्ड बहुधा पर्समधून बाहेरही येणार नाही.

आता निमंत्रणाचं. तुमच्या डायरेक्टरसाहेबांना ते का मिळालं, हे तुमच्याच पत्रात दुसऱ्या एका वाक्यात आहे : कंपनीचा जगभरचा प्रवासाचा करार त्यांच्या सहीने होतो. अशी सदस्यत्वं बहुतेक ठिकाणी अशीच चालतात. युनायटेड एअरलाइन्सचं ग्लोबल सर्व्हिसेस, अमेरिकन एअरलाइन्सचं कन्सिएर्जकी, यांत येण्याची पूर्ण अट कंपन्या जाहीर करत नाहीत. ऑस्ट्रेलियात क्वांटास या विमान कंपनीचं चेअरमन्स लाउंज आहे. तिथे पैसे देऊन जाता येत नाही, बोलावणं यावं लागतं, आणि ते खासदारांना, मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांना येतं. तिथले खासदार आपल्या हितसंबंधांच्या नोंदवहीत हे सदस्यत्व लिहितात, यावरून काय ते समजा. विमान कंपनी बघते ती कोणाच्या शब्दावर किती तिकिटं हलतात हे. एका शनिवार-रविवारच्या सिंगापूर फेरीची तिथे दखलही घेतली जात नाही. लुफ्थान्साने २००४ मध्ये फ्रँकफर्टला फर्स्ट क्लासवाल्यांसाठी वेगळी इमारतच उभारली, तिथून प्रवाशाला मोटारीने थेट विमानाशी सोडतात. तिथे जाणारे लोक पॉइंट्स भरून काढायला तिकीट घेत नाहीत हो, त्यांचे पॉइंट्स त्यांच्या नकळत भरलेले असतात.

आणखी एक गोष्ट मला अशा खर्चात नेहमी खटकते. तुम्ही पैसे आज देता आणि बदल्यात मिळतं ते वर्षभराचं आश्वासन, जे बदलायचा हक्क पूर्णपणे समोरच्याकडे असतो. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली. जेटचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं, दुसऱ्या दिवशी तिची प्लॅटिनम कार्डं दाखवायला तिचा काउंटरच उरला नाही. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, आणि सदस्यांना नव्या नियमांशी जुळवून घ्यावं लागलं. कार्डांचं तर विचारूच नका. अ‍ॅक्सिसच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला लाखाचा खर्च केला की २५,००० पॉइंट्स बोनस मिळायचे, ते सप्टेंबर २०२३ पासून बंद झाले. त्या पॉइंट्सवर पुढच्या तीन वर्षांच्या सहली आखून बसलेले लोक माझ्या ओळखीचे आहेत. ड्रीमफोक्स ही कार्डवाल्यांना लाउंजमध्ये प्रवेश मिळवून देणारी मोठी मध्यस्थ कंपनी, तिने सप्टेंबर २०२५ मध्ये देशातली ती सेवाच थांबवली.

म्हणून कार्डाबद्दल. १२,५०० वर १८ टक्के जीएसटी धरून १४,७५० होतात. ‘निमंत्रित’ म्हणजे बँकेला तुमचा पगार दिसतो, एवढाच त्याचा अर्थ. तुमचा कार्डावरचा वर्षाचा खर्च साडेचार लाख आहे, दहा लाखांची अट गाठायला साडेपाच लाख कुठून तरी आणावे लागतील. मग सोसायटीचा मेंटेनन्स, क्लासची फी, दिराचा फ्रिज, सगळं आपल्या कार्डावर घ्यायची सवय लागते. दिराने पैसे महिनाभर उशिरा दिले आणि बिल पूर्ण भरलं गेलं नाही, तर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास पडतं. वर्षाचे चाळीस टक्क्यांच्या वर. त्या व्याजापुढे कुठल्याही लाउंजची कॉफी कडूच.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. प्रवास निम्म्यावर आला, हे तुम्ही पॉइंट्सची अडचण म्हणून लिहिलंय. मला ती तुमच्या कामाविषयीची बातमी वाटते. ऑडिट व्हिडिओवर व्हायला लागलं तर त्या विभागात माणसं किती लागतील, हा विचार कंपनीत कोणीतरी करत असणार. घाबरवत नाही. तुमचा पगार थांबला तर घरखर्च आणि ३७,७०० चा हप्ता धरून मिस्टरांच्या पगारात महिन्याला साधारण चाळीस हजार कमी पडतील, आणि तुमच्या मुदत ठेवीतले सव्वादोन लाख साडेपाच महिने पुरतील. वाईट नाही. पण सगळ्यांचा मेडिक्लेम तुमच्या कंपनीचा आहे, सासूबाईंचाही. नोकरीबरोबर तोही जाईल. बोनसचा पहिला हक्क इथे आहे. तुम्हा चौघांसाठी स्वतःची फ्लोटर पॉलिसी, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच आरोग्य विमा, घ्या, आणि सासूबाईंसाठी वेगळी मिळते का ते आत्ताच बघा, वय वाढेल तशी ती अवघड होत जाते. गंमत बघा, २२ सप्टेंबर २०२५ या एकाच दिवशी सरकारने बिझनेस क्लासच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के केला आणि वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ वरून शून्यावर आणला.

प्रीमियम भरून उरेल ते गृहकर्जात टाका. व्याजदर बदलता असल्याने मुदतीआधी रक्कम भरण्याला दंड नाही. अंदाज यावा म्हणून सांगते : ८ टक्क्यांनी, १४ वर्षं बाकी असताना आज दीड लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे साधारण बारा हप्ते भरावेच लागत नाहीत. व्याजाचे जवळपास तीन लाख वाचतात. बँकेत मात्र ‘हप्ता कमी नको, मुदत कमी करा’ असं अर्जात स्पष्ट लिहा, नाहीतर काउंटरवरचा मुलगा हप्ता कमी करून मोकळा होतो.

हौसेचंही बघू. त्या दीड लाखातले वीस हजार बाजूला काढा, तुमच्या नावाने, कोणाला हिशेब द्यायचा नाही. लांबच्या रात्रीच्या विमानात पुढची, पाय पसरायला जागा असलेली सीट घ्या, थकून मधल्या विमानतळावर उतरलात तर पैसे देऊन लाउंजमध्ये अंघोळ करा. जेव्हा हवं तेव्हा, हवं तेवढंच. आणि रांगेचा कंटाळा असेल तर त्याला पैसे लागत नाहीत. देशातल्या प्रवासाला चेहरा ओळखून आत सोडणारं डिजियात्रा आहेच. परदेशी जाताना इमिग्रेशनसाठी केंद्र सरकारची एफटीआय-टीटीपी योजना मुंबईत जानेवारी २०२५ पासून आहे. ऑनलाइन अर्ज करायचा, बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचा, मग स्वयंचलित फाटकातून पार. शुल्क नाही. तुमच्यासारख्या नेहमी जाणाऱ्यांनी हे अजून केलं नसेल तर या आठवड्यात करा.

साठलेल्या ६२,००० पॉइंट्सची काळजी करू नका. टिअर पॉइंट्स वेगळे आणि खर्चायचे पॉइंट्स वेगळे, गोल्ड गेलं म्हणून साठलेले पॉइंट्स जात नाहीत. त्यांना मुदत असते, ती खात्यात उघडून बघा आणि दहावीची परीक्षा झाली की मुलीच्या तिकिटाला वापरून टाका. वर्ष संपायच्या आत कंपनीचा एखादा दौरा खरोखरच निघाला, तर नियमात आणि तेवढ्याच भाड्यात बसत असेल तर ट्रॅव्हल डेस्कला एअर इंडियाचं तिकीट मागा. महाग तिकीट मात्र मागू नका. दुसऱ्यांच्या फाइलमध्ये अशा नोंदी शोधणं हेच तर तुमचं काम आहे.

बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरचा फोन पुन्हा येईलच, मार्च जवळ आला की हमखास. त्याला म्हणा, पहिल्या वर्षाचं शुल्क माफ करत असाल तर तसं लिहून द्या, आणि दहा लाखांच्या अटीत कोणता खर्च धरत नाहीत, भाडं, पेट्रोल, वॉलेट, सरकारी भरणा, त्याची यादी मेलवर पाठवा. मेल आलाच तर मला पाठवा, वाचून सांगते.