घाटावरच्या द्राक्षपट्ट्यात दोन दिवस: कोकणातल्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

नाशिकच्या वायनरी, म्हणजे वाईन तयार करण्याचे कारखाने, पाहायला जाण्याबद्दल डहाणूपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचकांनी प्रश्न पाठवले आहेत. त्यातले निवडक इथे घेतले आहेत.

प्रश्न (रत्नागिरी): शनिवार-रविवारात सुला, दिंडोरी, इगतपुरी असं सगळं पाहून होईल का? आणि जायचं कसं?

सगळं होणार नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. नाशिकच्या वायनरी एका रस्त्यावर ओळीने नाहीत. शहराच्या पश्चिमेला गंगापूर धरणालगत सुला, यॉर्क आणि सोमा आहेत. मुंबईच्या बाजूला इगतपुरी तालुक्यात वलोने आणि सांजेगावची ग्रोव्हर झाम्पा आहे. उत्तरेला दिंडोरी आणि पूर्वेला निफाड-विंचूर हे आणखी दोन पट्टे. एका दिवसाला एकच पट्टा धरा आणि त्यातल्या दोनच वायनरी. वायनरीची फेरी आणि टेस्टिंग, म्हणजे वाईन चाखणं, मिळून एका ठिकाणी दीड-दोन तास सहज जातात. तिसऱ्या वायनरीत पोचेपर्यंत जीभ थकते आणि चांगली वाईनही वाया जाते. पहिल्यांदाच जात असाल तर गंगापूरचा पट्टा घ्या. तिथली ठिकाणं एकमेकांपासून जवळ आहेत आणि राहायचीही सोय आहे.

रत्नागिरीहून स्वतःची गाडी नेऊ नका. मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस रत्नागिरी, पनवेल, कल्याण करत थेट नाशिक रोडला जाते. प्रवासात साधारण नऊ-दहा तास जातात, म्हणून शुक्रवारी निघून सोमवारी परतायचं असं धरा. नाशिक रोड स्टेशनपासून गंगापूरच्या वायनरी सुमारे २० किलोमीटरवर आहेत. जाण्या-येण्याची टॅक्सी आधीच ठरवा, कारण संध्याकाळी तिथून परतीचं वाहन चटकन मिळत नाही. फेरीची वेळ शनिवारी सकाळची घ्या. रविवारी दुपारी मुंबई-पुण्याची गर्दी असते आणि मग माहिती सांगणाऱ्याला तुमच्या प्रश्नांसाठी उसंत मिळत नाही.

प्रश्न (देवगड): जानेवारी-फेब्रुवारीत आमची हापूसच्या मोहोराची फवारणी असते. मे महिन्यात गेलो तर चालेल का?

मे महिन्यात बागेत घड नसतात. नाशिकला द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करतात, तिच्यानंतर नुसती काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, तिच्यावर फळ धरतं. वाईनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्च चालते. सोव्हिन्यॉं ब्लां, शेनिन ब्लां अशी पांढरी आधी, शिराझ, काबर्ने ही लाल मागून. तुम्हाला दोनच दिवस काढता येत असतील तर दोन फवारण्यांच्या मधला एखादा शनिवार साधा. तेवढ्यासाठी आटापिटा करण्यासारखं ते दृश्य आहे.

काढणीच्या दिवसांत वायनरीत काम चालू असतं. पहाटे थंडाव्यात तोडलेले घड क्रेटमधून येतात, देठ वेगळे करणाऱ्या यंत्रात जातात, पांढऱ्यांचा रस दाबून लगेच थंड टाकीत जातो. पांढरी वाईन १२ ते १६ अंशांवर आंबवतात, म्हणजे फळाचा वास टिकतो. लाल वाईन सालींसकट २५ अंशांच्या आसपास आंबवतात, कारण रंग आणि तुरटपणा सालीतूनच येतो. टाकीतला रस वर तरंगणाऱ्या सालींवर पंपाने पुन्हा सोडताना दिसला तर थांबून पाहा. मात्र उघड्या टाकीत वाकून वास घेऊ नका, तिथे कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. पायाने द्राक्षं तुडवण्याचा कार्यक्रम पाहुण्यांच्या हौसेसाठी असतो.

ही बाग कोकणात का होत नाही, असंही तुम्ही विचारलं आहे. आपल्याकडचा पाऊस आणि दमट हवा यांत वेलीवर केवडा आणि करपा हे बुरशीचे रोग येतात. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा कोरडी आणि हिवाळ्यातल्या रात्री गार, त्यामुळे साखर भरताना आंबटपणा टिकून राहतो. याच कारणाने स्वेटर न्या. जानेवारीत तिथला पारा १० अंशांखाली उतरतो आणि किनाऱ्यावरच्या माणसाला ते झेपत नाही.

प्रश्न (चिपळूण): २६ जानेवारीला जोडून सुट्टी आहे, तेव्हा जावं का?

तो ड्राय डे असतो, टेस्टिंग बंद. मतदानाच्या आधीचे दोन दिवसही टाळा. २१ वर्षांखालच्यांना वाईन दिली जात नाही, म्हणून तरुण दिसणाऱ्यांनी ओळखपत्र बरोबर ठेवावं.

प्रश्न (अलिबाग): आम्ही चौघे गाडीने येणार आहोत. टेस्टिंगमध्ये घोट-घोटच देतात ना? मग त्यानंतर गाडी चालवली तर काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि ती हिशेबाने दाखवता येते. एका टेस्टिंगमध्ये पाच वाईन प्रत्येकी ३० मिलि धरा. ही १५० मिलि झाली. १३ टक्के अल्कोहोल धरलं तर त्यात सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ६० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात ते १०० मिलिमागे ३५ ते ४० मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतं, स्त्रीच्या रक्तात त्याहून जास्त. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे एकाच टेस्टिंगने मर्यादा ओलांडली जाऊ शकते, आणि तुम्ही दोन वायनरी करणार आहात.

चौघांपैकी एकाने न पिण्याचं निघतानाच ठरवा, नाहीतर वायनरीतच मुक्काम करा. चव घेऊन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. ते वापरण्यात लाज नाही, वाईनचा व्यवसाय करणारी माणसं तसंच चाखतात. पण थुंकतानाही थोडं पोटात जातं, म्हणून चालकाने तेही करू नये.

रस्ता पेण, पनवेल, भिवंडी असा धरा. भिवंडीजवळ आमणेला समृद्धी महामार्गावर चढून इगतपुरीला उतरलात तर कसारा घाट टळतो. मोटारसायकलला समृद्धीवर परवानगी नाही.

चाखण्याचा क्रम फसफसणारी, पांढरी, रोझे (गुलाबी), लाल आणि शेवटी गोड. लालपासून सुरुवात केली तर पुढची पांढरी पाण्यासारखी लागते. त्या दिवशी अत्तर आणि मोगऱ्याचा गजरा नको. तंबाखू, पान आणि आंबट सरबत आधीचा एक तास बंद. रिकाम्या पोटी जाऊ नका.

प्रश्न (मालवण): आणलेली वाईन माशांबरोबर कशी लावावी? आणि इथल्या उकाड्यात टिकते का?

बांगड्याबरोबर लाल वाईन घेऊ नका. लाल वाईनमधलं लोह माशाच्या तेलाशी जुळून तोंडात धातूसारखी, उग्र चव येते. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांत हे जास्त जाणवतं. रवा लावून तळलेल्या सुरमईला किंवा बोंबलाला सोव्हिन्यॉं ब्लां किंवा ब्रूट, म्हणजे गोडी नसलेली, फसफसणारी वाईन घ्या. कोळंबीच्या तिखट कालवणाला किंचित गोडसर शेनिन ब्लां चांगली, गोडवा मिरचीची धग कमी करतो. कोंबडी-वड्यांबरोबर जड, जास्त अल्कोहोलची लाल वाईन तिखट आणखी चढवते. त्यापेक्षा हलकी, थोडी गार केलेली लाल घ्या. वाईनपेक्षा पदार्थ आंबट असेल तर वाईन बेचव होते, म्हणून सोलकढी जेवणाच्या शेवटी.

आणताना बाटल्या डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत पारा ५० अंशांच्या वर जातो, आतली वाईन फुगून बूच वर ढकलते आणि चव शिजल्यासारखी होते. फिरकीच्या झाकणाची बाटली गळत नाही, पण चव तिचीही बिघडते. थर्माकोलच्या खोक्यात घालून सीटखाली ठेवा. घरी माळ्यावर किंवा पत्र्याखाली ठेवू नका, खालच्या अंधाऱ्या खोलीत ठेवा. लाल वाईन वाढण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये घाला, कारण ती १६ ते १८ अंशांवर प्यायची असते आणि आपल्या खोलीत ३० असतात. उघडलेली पांढरी दोन-तीन दिवसांत संपवा. पांढऱ्या वाईन वर्ष-दोन वर्षांत पिण्यासाठीच असतात, तेव्हा पेट्या भरून आणू नका.

प्रश्न (डहाणू): आम्हाला नाशिक जवळचं. काही वेगळं सुचवाल?

जव्हार, मोखाडा, त्र्यंबक हा रस्ता घ्या, तो पूर्ण महाराष्ट्रातून जातो. पेठ-धरमपूरकडून परतू नका. तो रस्ता गुजरातमध्ये शिरतो आणि तिथे दारूबंदी आहे, गाडीत परवान्याशिवाय एक बाटली असली तरी गुन्हा होतो. तुमच्याच तालुक्यात बोर्डीला चिकूची वाईन होते, ती जाण्याआधी एकदा पाहा. द्राक्षाच्या आणि चिकूच्या वाईनमधला आंबटपणाचा फरक कळला की नाशिकची फेरी जास्त समजते. बोर्डीहूनही उंबरगावच्या दिशेला बाटल्या घेऊन वळू नका.

प्रश्न (सावंतवाडी): नाशिक फारच लांब पडतं. जवळ काही?

मार्च-एप्रिलमध्ये गोव्यात काजूच्या बोंडांचा हंगाम पाहा. बोंडं तुडवून निघालेला रस आंबवतात, भट्टीत पहिल्यांदा गाळला की हुर्राक आणि पुन्हा गाळला की फेणी. हुर्राक टिकत नाही, ती तिथेच आणि त्याच हंगामात मिळते. फेणी ४० टक्क्यांहून कडक असते, तिथे वाईनचं माप लावू नका. परतताना बांद्याच्या नाक्यावर तपासणी होते. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, मग बाटली भेट म्हणून मिळालेली असली तरी.