‘सापेक्ष’ म्हणजे कशाच्या अपेक्षेने?

पुण्यातील एका चर्चच्या अभ्यासवर्गासाठी टिपण लिहिणाऱ्या वाचकाने विचारले आहे, की ‘ख्रिस्ती श्रद्धेला नैतिक सापेक्षता मान्य नाही’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि त्याच्या विरुद्ध अर्थाने ‘निरपेक्ष नीती’ हा शब्दप्रयोग चालेल का.

वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे, पण अपुरे आहे. ‘सापेक्ष’ हा शब्द ‘स’ आणि ‘अपेक्षा’ यांपासून झाला असून, येथे अपेक्षेचा अर्थ ‘एखाद्या गोष्टीवर अवलंबून असणे’ असा आहे. मराठीतले तुलनावाचक ‘पेक्षा’ त्याच कुळातले. म्हणून नुसते ‘सापेक्ष’ म्हटले की ‘कशाच्या?’ हा प्रश्न उरतोच. कालसापेक्ष, समाजसापेक्ष की व्यक्तिसापेक्ष, ते लिहिलेच पाहिजे.

शिवाय ‘सापेक्षता’ आणि ‘सापेक्षतावाद’ यांत फरक आहे. बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 14व्या अध्यायात प्रेषित पौलाने खाण्यापिण्याचे आणि विशिष्ट दिवस पाळण्याचे प्रश्न ज्याच्या त्याच्या मनाच्या खात्रीवर सोपवले आहेत, तेव्हा काही आचार व्यक्तिसापेक्ष असू शकतात हे ख्रिस्ती परंपरेला पहिल्या शतकापासून मान्य आहे. तिचा विरोध आहे तो, बऱ्यावाईटाचा मापदंडच माणसागणिक बदलतो आणि म्हणून आपापल्या जागी सगळेच बरोबर, असे मानणाऱ्या वादाला. पोपपदी निवड होण्याच्या आदल्या दिवशी, 18 एप्रिल 2005 रोजी, कार्डिनल राट्झिंगर (नंतरचे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांनी ‘सापेक्षतावादाची हुकूमशाही’ असे शब्द वापरले, तेव्हा या वादाचे अंतिम माप म्हणजे माणसाचा अहं आणि त्याच्या इच्छा, हेही त्यांनी सांगितले, म्हणजे ‘कशाच्या?’ याचे उत्तर त्यांनी दिले होते.

समाजसापेक्षतेची अडचण पुण्याच्या वाचकाला अधिक जवळून कळावी. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले, त्या काळी विधवांचे केशवपन येथील ब्राह्मण समाजातील बहुतेकांना धर्मसंमतच वाटत होते. नीती जर समाजाच्या संमतीवरच अवलंबून असेल, तर अशा प्रथेला अन्याय म्हणणारी व्यक्ती व्याख्येनेच चुकीची ठरते, आणि हे मला कोणत्याही अंगाने पटत नाही. समाजाच्या वर काही सत्य आहे, ही धारणा केवळ ख्रिस्ती लोकांचीच होती असेही नव्हे. जोतीराव फुले यांनी 1873 साली पुण्यातच स्थापलेल्या सत्यशोधक समाजाच्या नावातही ती आहे.

आता ‘निरपेक्ष’. हा शब्द मी या जागी टाळेन. ‘निरपेक्ष प्रेम’, ‘निरपेक्ष सेवा’ यांमुळे मराठी कानाला त्यातून ‘मोबदल्याची अपेक्षा नसलेले’ हाच अर्थ आधी जाणवतो, आणि प्रवचनात देवाच्या प्रेमाविषयी तो त्याच अर्थाने येतो. ‘धर्मनिरपेक्ष’मध्ये त्याचा अर्थ ‘धर्मावर अवलंबून नसलेले’ असा होतो. त्या धर्तीवर कोणी ‘नीतिनिरपेक्ष’ असा समास केला, तर नीतीशी संबंधच नसलेले, असा नेमका उलटा अर्थ निघेल. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत ‘निरपेक्ष सत्य’ रूढ आहे व तेथे ते योग्यच आहे, परंतु अभ्यासवर्गात ‘सर्वांना सर्व काळी बंधनकारक असलेली नीती’ असे सरळ लिहावे.

मूळ वाक्य असे करता येईल: ‘बऱ्यावाईटाचा मापदंडच व्यक्तिसापेक्ष किंवा समाजसापेक्ष आहे, हे मत ख्रिस्ती श्रद्धेला मान्य नाही.’