रोज तेच पाप घेऊन देवापुढे कसं जायचं?

तुम्ही विचारलंय: बाप्तिस्मा घेऊन दोन वर्षं झाली, सगळ्या पापांची क्षमा मिळाली असं शिकलो, मग पाळक रोज पश्चात्ताप करा का म्हणतात? आणि रोज तेच पाप घेऊन प्रार्थनेला बसायची लाज वाटते, तिचं काय करू?

मी पाळक नाही. कळव्याला राहतो, ठाण्यात तीस वर्षं धान्याचं दुकान चालवलं. पण हा प्रश्न मलाही पडून गेलाय.

योहानाच्या शुभवर्तमानाचा १३ वा अध्याय काढा. वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्रभू येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुवायला बसतो. पेत्र आधी नाहीच म्हणतो. मी धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, हे ऐकल्यावर मग हात आणि डोकंही धुवा म्हणतो. (पेत्राचं कायम असंच, एक तर शून्य नाहीतर शंभर.) प्रभू सांगतो, ज्याची आंघोळ झालीय त्याला फक्त पाय धुवायची गरज.

तुमचा बाप्तिस्मा ही आंघोळ, ती पुन्हा करायची नाही. पण जुलैत स्टेशनवरून चिखल तुडवत घरी आलात की आई दारातूनच ओरडते, आधी पाय धू! म्हणून आपण त्या घरचे नाही असं होतं का? घरचे आहोत म्हणूनच ओरडते.

हे वाचलेलं होतं, कळलं मात्र उशिरा. दोन पावसाळ्यांपूर्वी जिन्यात घसरलो, उजव्या पायाला सहा आठवडे प्लास्टर. धाकट्याने ऐरोलीची नोकरी सोडली म्हणून तेव्हा मी त्याच्याशी नीट बोलत नव्हतो. तोच रोज संध्याकाळी बादली घेऊन यायचा आणि माझा डावा पाय धुवायचा. पहिल्या दिवशी मी पाय ओढून घेतला. पेत्राचं दुखणं काय होतं ते तिथे समजलं. चूक कबूल करणं एकवेळ जमतं, पण आपला मळका पाय दुसऱ्याच्या हातात देऊन गप्प बसायचं, हे जमत नाही. देवावर अवलंबून राहणं म्हणतात ते मला एवढंच कळलंय.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५१७ साली जे ९५ मुद्दे मांडले, त्यातला पहिलाच हा आहे की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं, अशी प्रभूची इच्छा आहे. सगळं आयुष्य रडत बसा असा त्याचा अर्थ नव्हे. आपल्या ‘पश्चात्ताप’ या शब्दात ताप आहे, पण नव्या करारातल्या मूळ ग्रीक शब्दात मन पालटणं आहे.

करायचं कसं म्हणाल, तर दुकानदाराच्या भाषेत सांगतो. घाऊक कबुली सोपी असते. ‘प्रभू, मी पापी आहे’ असं रविवारी सगळ्यांबरोबर म्हणताना कुणालाच काही लागत नाही. रात्री किरकोळीत बसा. आज वजनात हात आखडला का, रिक्षावाल्याला काय बोललो, कुणाचं बरं झालेलं पोटात दुखलं. एखादीच गोष्ट, पण नाव घेऊन. दहा मिनिटं पुरतात. ज्याचं मन दुखावलं असेल त्याच्याकडे मात्र सकाळी जावंच लागतं, ते प्रार्थनेत उरकत नाही.

लाजेचं म्हणाल, तर त्या रात्री पेत्रही चुकला आणि यहूदाही. पेत्राने प्रभूला ओळखतच नाही म्हटलं, शिष्य असलेल्या यहूदाने त्याला पैसे घेऊन पकडून दिलं. वाईट दोघांनाही वाटलं, यहूदाने तर चांदीची तीस नाणीही परत नेऊन दिली. पण प्रभूकडे परतला तो पेत्रच. शिवाय भावाला सत्तर वेळा सात क्षमा कर असं प्रभूने याच पेत्राला सांगितलेलं आहे. सांगणाऱ्याचा स्वतःचा हिशेब त्याहून तोकडा असेल, असं मला तरी वाटत नाही.

प्लास्टर निघालं आणि आठवड्याभरात मी धाकट्यावर पुन्हा ओरडलो, त्याच नोकरीवरून. रात्री पुन्हा गॅलरीत खुर्ची टाकून बसलो.