ऐकू न आलेला जिताडा

प्रिय मित्रा,

धरमतर खाडीतल्या जिताड्याच्या हालचाली टिपण्याचा तुझा आराखडा वाचला: माशाच्या पोटात टॅग बसवायचा, तो थोड्या थोड्या वेळाने आपला क्रमांक आवाजाच्या संदेशातून सांगणार, आणि पाण्यात लावलेले रिसीव्हर तो ऐकून नोंदवणार. मासा चांगला निवडलास. २०२३ साली पापलेट राज्यमासा झाल्यापासून "त्यालाच टॅग लावा की" असं सुचवणारे भेटतील, पण पापलेट नाजूक. जाळ्यातून सोडवतानाच त्याचे खवले झडतात, शस्त्रक्रिया तर दूरच. जिताडा चिवट आहे, मोठा होतो, आणि खाडीचं तोंड, कांदळवन, खाजण, उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, आतली शेततळी या सगळ्यांशी त्याचं आयुष्य बांधलेलं आहे.

आराखड्यातलं एक वाक्य मात्र काढून टाक: "ज्या रिसीव्हरवर नोंद नाही तेथे मासा नाही असे गृहीत धरले आहे." मासा तिथे नसेल, हे एक कारण झालं. तो तिथे असेल आणि बार्जच्या इंजिनात टॅगचा आवाज बुडाला असेल. रिसीव्हरवर शिंपल्यांचा थर चढला असेल. किंवा मासा पहाटेच पेणच्या बाजारात पोचला असेल. कुठला पट्टा कुठल्या महिन्यांत मासेमारीला बंद ठेवायचा हे ठरवताना या चार गोष्टी वेगळ्या करता आल्या नाहीत, तर एखाद्या कोळीवाड्याचं पोट चुकीच्या कारणासाठी मारलं जाईल. म्हणून आधी न आलेल्या नोंदीची तयारी कर.

टॅगची ऑर्डर देण्याआधी रेंज टेस्ट कर. एक रिसीव्हर तळाशी लाव आणि चाचणीचा टॅग ५०, १००, २००, ३०० आणि ४०० मीटरवर प्रत्येकी किमान एक तास ठेव. किती संदेश सुटले आणि किती ऐकू आले ते मोज. निम्मे संदेश ज्या अंतरावर ऐकू येतात, तो तुझा कामाचा आकडा. ही चाचणी एकदा उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत, आणि एकदा भांगेला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, झालीच पाहिजे. उधाणात पाणी धावतं, गाळ उचलला जातो, हवेचे बुडबुडे मिसळतात, आणि ६९ किलोहर्ट्झचा आवाज या सगळ्यांत लवकर विरतो. कांदळवनाच्या कडेला चटचट वाजणाऱ्या कोळंब्यांचा गोंगाट त्यात भर घालतो. स्वच्छ, शांत समुद्रात कंपनीच्या पत्रकातला आकडा मिळेलही. आपल्या गढूळ खाडीत त्यावर विसंबू नकोस.

समजा निम्म्या संदेशांचं अंतर २०० मीटर आलं आणि तू निवडलेल्या जागी खाडी १२०० मीटर रुंद आहे. मग रिसीव्हर एकमेकांपासून ३०० मीटरवर ठेव, म्हणजे चार लागतील आणि कुठलाही मासा जवळच्या रिसीव्हरपासून १५० मीटरच्या आतून जाईल. अशा दोन रांगा कर, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. आधी आतली आणि मग बाहेरची रांग बोलली तर मासा समुद्राकडे गेला. एकाच रांगेवरून दिशा कळत नाही. पैसे कमी असतील तर माशांची संख्या कमी कर, दुसरी रांग सोडू नकोस.

आता टॅगचा वेग. तू सरासरी १२० सेकंदांनी एक संदेश धरला आहेस, कारण बॅटरी जास्त टिकते. ओहोटीला पाणी सेकंदाला १.५ मीटर धावत असेल आणि मासा त्याच्याबरोबर जात असेल, तर रिसीव्हरच्या अलीकडचे २०० आणि पलीकडचे २०० असा ४०० मीटरचा टापू तो साडेचार मिनिटांत ओलांडतो. तेवढ्या वेळात टॅग दोनदाच बोलेल. प्रत्येक संदेश ऐकू येण्याची शक्यता निम्मी धरली, तर दोन्ही ऐकू येण्याची शक्यता चारात एक. आणि २४ तासांत एकच नोंद आली तर ती खोटी समजून गाळायची हा नियम तू स्वतःच लिहिला आहेस! नियम बरोबरच आहे, कारण दोन टॅगांचे संदेश एकमेकांवर आदळले की कधी कधी तिसराच क्रमांक तयार होतो. पण मग समुद्राकडे गेलेले बहुतेक जिताडे तुझ्याच चाळणीतून गळतील. सरासरी ६० सेकंद घे. त्याच टापूत चार संदेश सुटतील आणि किमान दोन ऐकू येण्याची शक्यता ६९ टक्क्यांच्या आसपास जाईल. बॅटरीचं आयुष्य घटेल ते घटू दे. अंतर ठरावीक न ठेवता मागेपुढे होणारं ठेव, म्हणजे ३० ते ९० सेकंद, नाहीतर दोन टॅग एकाच लयीत अडकून सतत आदळत राहतात.

रिसीव्हर बसवताना बार्जचा मार्ग आणि बोकशी (प्रवाहात लावायचं पिशवीसारखं जाळं) लावायच्या जागा टाळ. जुना धक्का किंवा भक्कम खांब मिळाला तर मेरीटाईम बोर्डाची परवानगी काढून त्यालाच बांध. कांदळवनाच्या हद्दीत वनखात्याची परवानगी लागेल. तळाला ठेवायचा तर किमान ४० किलोचा काँक्रीटचा ठोकळा, रिसीव्हर तळापासून मीटरभर वर, ऐकणारं टोक आकाशाकडे. शॅकलची (जोडणाऱ्या लोखंडी कडीची) पिन तारेने बांध, नुसती आवळलेली पिन लाटांच्या हिसक्यांनी सुटते. स्टेनलेस स्टील आणि साधं लोखंड एकत्र जोडलंस तर खाऱ्या पाण्यात लोखंड झपाट्याने खाल्लं जातं. सगळं मेच्या पहिल्या पंधरवड्यात पाण्यात गेलेलं असावं. जिताड्याचा अंडी घालण्याचा हंगाम पावसाळ्यात, आणि त्या वेळी छोट्या होडीतून ठोकळा उतरवणं धोक्याचं.

प्रत्येक रांगेजवळ एक टॅग माशाशिवायच, ठरलेल्या अंतरावर, कायमचा बांधून ठेव. १५० मीटर चालेल. रोज त्याचे किती संदेश ऐकू आले यावरून त्या दिवशी खाडीचा कान किती उघडा होता ते कळतं. जुलैत हा टॅग दिवसाला दहाच वेळा ऐकू आला, तर त्या दिवशी मासा न दिसण्याला काही अर्थ नाही. एवढ्या एका स्वस्त गोष्टीअभावी वर्षभराची मेहनत वाचता येईनाशी होते.

शस्त्रक्रियेआधी बाजारातून आणलेल्या मेलेल्या जिताड्यांवर वीसेक वेळा टाके घालून हात बसव. प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी तोवर येईल. मासा गळाने धरलेला घे. बोकशीतला दबून आधीच अर्धमेला असतो. टॅगचं वजन माशाच्या वजनाच्या २ टक्क्यांच्या आत, म्हणजे १० ग्रॅमचा टॅग अर्ध्या किलोच्या खालच्या माशाला नाही. काम सूर्योदयाच्या सुमाराला, पाण्यात हवा सोडणारा एरेटर चालू ठेवून. भूल लवंग तेलाची, पण ते थेट पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. एक भाग तेल नऊ भाग अल्कोहोलमध्ये मिसळ आणि लिटरला ४० मिलिग्रॅम तेल पडेल इतकं टाक. मासा कलंडला आणि शेपटी दाबल्यावर हलेनासा झाला, की ओल्या स्पंजच्या खाचेत उताणा ठेव आणि कल्ल्यांवरून पाणी वाहतं ठेव. कोरडा हात, कोरडा कपडा नको, अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की बुरशी धरते. कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते, तुझी बोटं सांभाळ.

पोटावर, पोटाखालच्या जोडपरांच्या आणि गुदद्वाराच्या मध्ये, मध्यरेषेच्या किंचित बाजूला तीन-चार खवले काढ. जिताड्याचा खवला जाड, त्यातून पातं घसरतं. चिमट्याने पोटाची भिंत वर उचलून मगच छेद दे, दोन-अडीच सेंटिमीटर, म्हणजे आतडं कापलं जात नाही. टॅग आयोडीनमध्ये बुडवून निर्जंतुक सलाईनने धुतलेला असावा. विरघळणाऱ्या, एकपदरी धाग्याचे दोन-तीन टाके. वळलेला धागा घेऊ नकोस, तो दिव्याच्या वातीसारखा घाण पाणी आत ओढतो. सगळं पाच मिनिटांत आटोप. मासा सरळ राहून स्वतः शेपूट मारायला लागला की, पाणी संथ असताना, धरला तिथेच सोड.

फक्त किलो-दीड किलोचे मासे घेतलेस तर कहाणी नुसत्या नरांची होईल. जिताडा आधी नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी मादी होतो, त्यामुळे मोठे मासे बहुतेक माद्याच. खाडीच्या तोंडाशी, खारट पाण्यात अंडी घालणाऱ्या त्याच. बंद हंगामाचा खरा प्रश्न त्यांच्याबद्दल आहे. निदान एक तृतीयांश टॅग मोठ्या माशांसाठी राखून ठेव, जरी ते मिळायला महिना लागला तरी.

पोटातला टॅग बाहेरून दिसत नाही, म्हणून पाठीवर रंगीत टॅगही लाव, त्यावर मराठीत फोन नंबर आणि "बक्षीस" एवढंच. तांडेलांना, म्हणजे होडीच्या प्रमुखांना, भेटशील हे नक्की, पण मासा बहुतेकदा अखंड विकला जातो आणि टॅग सापडतो तो कापताना. म्हणून पेण, अलिबाग, उरणच्या बाजारात मासे विकणाऱ्या मावश्यांकडे नमुन्याचा टॅग घेऊन जा, हातात देऊन दाखव. मासा ज्याचा त्याचाच, आपल्याला टॅग, तारीख आणि जागा हवी, हे स्पष्ट सांग. बक्षीस त्याच दिवशी दे. उशीर झाला तर पुढचा टॅग कचऱ्यात जातो. जमलं तर डोकंही विकत घे. त्यात कानाजवळ थराथराने वाढणारा एक छोटा खडा असतो, त्यातलं स्ट्रॉन्शियमचं प्रमाण थरागणिक मोजलं की तो मासा लहानपणी गोड्या पाण्यात गेला होता का हे कळतं. सगळे जिताडे जात नाहीत.

नोंदी वाचताना एकाच रिसीव्हरवर भरती-ओहोटीशी काहीही संबंध नसलेली अखंड नोंद दिसली, तर मासा मेला किंवा टॅग गळून पडला आहे. त्याला "निवासी" म्हणून मोजू नकोस. रिसीव्हरचं घड्याळ रोज थोडं सरकतं. दोन रांगांमधला क्रम लावण्याआधी ते दुरुस्त करून घे. आणि मोठ्या माद्या नेमक्या कुठे जमतात ते नकाशावर ठिपका देऊन छापू नकोस. तो नकाशा सर्वांत आधी कोण वाचेल याचा विचार कर.

येत्या अमावास्येच्या उधाणाला पहिली रेंज टेस्ट होऊ शकते, आठवड्याने भांगेला दुसरी. दोन्हीचे आकडे पाठव, त्यावरून रिसीव्हर किती घ्यायचे ते ठरवू.