ऊन किती, चार्जिंग किती
वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सोलर चार्जरवर दोन ओळी लिहून मी मोकळी झाले आणि पत्रांचा ढीग पडला. त्यातली पाच पत्रं इथं घेतली आहेत. साताऱ्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मी चार्जर विकत नाही, बिघडलेले उघडते. त्यामुळं बोलणं कुठं तिरकस वाटलं तर चालवून घ्या.

आम्ही कॉलेजचे सहा जण जानेवारीत वासोट्याला चाललोय. ऑनलाइन 25,000 एमएएचची सोलर पॉवर बँक 1,200 रुपयांत मिळतेय, पाठीवरच पॅनेल आहे. ट्रेकभर सॅकला अडकवली की भरत राहील ना? (कराड)

नाही भरणार. का, ते एकदा हिशेबानं बघ, म्हणजे जाहिरात कुठलीही असो, तुझं तुला कळेल.

भर दुपारचं स्वच्छ ऊन एक चौरस मीटरवर साधारण 1,000 वॅट ओततं. पॅनेलवर छापलेले वॅट याच उन्हात मोजलेले असतात, तेही पॅनेलमधल्या सेलचं तापमान 25 अंश धरून. चांगलं सिलिकॉन त्यातलं 20-22 टक्के विजेत उतरवतं. झेरॉक्सच्या दुकानातला ए-फोर कागद घे. तेवढ्या पॅनेलमधून फार तर 12-13 वॅट निघतात. तुझ्या पॉवर बँकेच्या पाठीवरचा तुकडा त्या कागदाचा जेमतेम सहावा हिस्सा, म्हणजे कागदोपत्री 2 वॅट. असल्या तीन-चार मी गच्चीवर मीटर लावून बघितल्या, सव्वा वॅटच्या वर एकही गेली नाही.

आता 25,000 एमएएच गुणिले आतल्या बॅटरीचे 3.7 व्होल्ट, झाले 92 वॅट-तास (एक वॅट तासभर मिळाला की एक वॅट-तास). भागिले सव्वा, 74 तास. दिवसाला पक्कं ऊन पाच तास धरलं तर पंधरा दिवस, आणि भरताना वाया जातं ते वेगळंच. तुम्ही वासोट्याला जाणार एक दिवस. त्यात बामणोलीहून लाँचमध्ये बसल्यापासून शिवसागर ओलांडेपर्यंत डोक्यावर ऊन असतं, पलीकडं उतरलात की दाट जंगल. सॅकवरच्या पॅनेलला तिथं पानांची सावली मिळेल, दुसरं काही नाही.

साध्या 10,000 च्या दोन पॉवर बँका घरून भरून न्या. एकीत 37 वॅट-तास असतात. 3.7 चे 5 व्होल्ट करताना थोडी वीज गरम होण्यात जाते, हाताशी तीसेक उरतात. 5,000 एमएएचच्या फोनला 19 लागतात, म्हणजे एका बँकेत दीड फोन. घेताना मागं बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा. आणि जंगलात शिरताना फोन फ्लाइट मोडवर टाका. रेंज नसली की तो टॉवर शोधत बसतो, तेवढ्यानंच निम्मी बॅटरी उतरते.

माझे वडील आणि चुलते दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन वाई-भोरच्या बाजूला जातात, ते पावसाला माघारी येतात. मी वसतिगृहात असते. चार-चार दिवस त्यांचा फोन बंद लागतो. गावात चार्जिंगला ठेवला की आणायला परत दोन कोस जावं लागतं. सोलर घ्यावं तर कुठलं? चुलते म्हणतात घोड्याच्या पाठीवर बांधू. (आटपाडी)

बाळ, खरी गरज मला या पत्रात दिसली. 20 वॅटचं घडीचं पॅनेल घ्या, उघडल्यावर दोन ए-फोर कागदांहून थोडं मोठं होतं. सोबत 10,000 ची साधी पॉवर बँक. यापेक्षा मोठं काही नको, घोड्यावर आधीच ओझं कमी असतंय का?

चुलत्यांना सांग, घोड्यावर बांधलं तर आहे ते ऊनही वाया जाईल. पॅनेलमधल्या सेल माळेसारख्या एकामागं एक जोडलेल्या असतात, एकेकीचा अर्ध्या व्होल्टच्या आसपास. माळेतल्या एकीवर सावली आली की तिच्यातून जाईल तेवढाच करंट सगळ्या माळेला मिळतो. मागच्या जानेवारीत गच्चीवर 13 वॅट येत होते. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर नुसता तळहात धरला, मीटर 4 वर. हात काढला, परत 13. घोड्यावर कोंबड्यांची डालगी, भांडी, वर एखादं पोर, आणि प्रत्येक वळणाला उन्हाची बाजू बदलणार. कशाची ना कशाची सावली पडणारच.

बिऱ्हाड मुक्कामाला टेकलं की वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवतीची जाळी, लावायच्या आधी आईनं पॅनेल पसरावं. सपाट जमिनीवर नको. हिवाळ्यात आपल्याकडं भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून 50 अंशांच्या आसपासच चढतो, सपाट ठेवलेलं पॅनेल चौथाई वीज घालवतं. गाठोड्याला टेकवून तोंड दक्षिणेला करायचं. कोन मोजायला काही लागत नाही. एक काटकी पॅनेलवर काटकोनात उभी धरायची आणि तिची सावली नाहीशी होईपर्यंत पॅनेल हलवायचं. सावली गेली की तोंड बरोबर. तासाभरानं परत एकदा. मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा जवळजवळ सपाट चालतं.

फोन थेट पॅनेलला लावायचा नाही. ढग आला की चार्जिंग तुटतं, गेला की जोडतं, दरवेळी स्क्रीन पेटते, आणि संध्याकाळी बघावं तर आहे त्यापेक्षा कमी. दिवसा पॉवर बँक भरायची, रात्री तिच्यातून फोन. आणि पॉवर बँक सावलीत. पॅनेलच्या मागं तिच्यासाठी खिसा शिवलेला असतो, त्यात ठेवू नका. लिथियमची सेल 45 अंशांच्या वर तापलेली असताना चार्ज करू नये, आणि उन्हातला तो खिसा त्याच्या पुढं जातो. दगडाच्या किंवा पखालीच्या सावलीला, वारं लागेल अशी ठेवा. केबल करडांपासून लांब. माझ्याकडं आलेल्या खेड्यातल्या केबलींपैकी बऱ्याच चावलेल्या असतात आणि प्रत्येक वेळी नाव उंदराचंच घेतलं जातं.

एप्रिल-मेचं ऊन कडक म्हणून जास्त वीज असं मात्र धरू नका. पॅनेल 65 अंशांला तापलं तर दर अंशाला 0.4 टक्के धरून 16 टक्के घट. वर धूळ बसली की आणखी घट, ती ओल्या फडक्यानं पुसत जा.

बटणाच्या फोनला भरायला जेमतेम 4 वॅट-तास लागतात. लांडग्यासाठी रात्री बॅटरी लागतेच, म्हणजे टॉर्च, तिला 7-8 धर. दोन तास धड ऊन मिळालं तरी 20 जमतात, रोजचं भागतं. फक्त टॉर्च यूएसबी पिनेची घ्या. भिंतीच्या प्लगात खोचायची जुनी बॅटरी यावर चालणार नाही.

शेताला रानडुकरं आणि गव्यांसाठी झटका मशीन बसवलंय, 40 वॅटचं पॅनेल आणि 12 व्होल्टची बॅटरी. माळ्यावर राखणीला असताना मोबाइल उतरतो. पोरानं मोबाइलची केबल कापून पॅनेलच्या वायरींना जोडली, मोबाइल गेला. दुरुस्त होईल का? (शिराळा)

मोबाइल बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण बहुधा चार्जिंगचा आयसी, म्हणजे आतली चिप, गेला असावा. पोराला मारू नका, त्याची कल्पना बरोबर होती, व्होल्ट चुकले. 12 व्होल्टचं म्हणून विकतात त्या पॅनेलमध्ये 36 सेल असतात आणि काही जोडलेलं नसताना ते 21 व्होल्टपर्यंत चढतं. मोबाइलच्या साध्या केबलीला हवेत 5.

उपाय पोराच्या हातातला आहे. गाडीत सिगारेट लायटरच्या भोकात लावतात तो मोबाइल चार्जर आणि त्याचं सॉकेट आणा. 12 ते 24 व्होल्ट चालतात असं चार्जरवर लिहिलेलं बघा. सॉकेट बॅटरीला जोडायचं, पॅनेलला नाही, मधे 3 अँपिअरचा फ्यूज. लाल-काळी वायर उलटी नको. दोन गोष्टी पाळा. मोबाइल दिवसाच लावायचा, म्हणजे घेतलेलं ऊन भरून काढेल, नाहीतर पावसाळ्यात रात्री बॅटरी बसायची आणि नेमका त्या रात्री गवा आत. आणि मशीनमधून कुंपणाला जाणाऱ्या तारेजवळ ही वायर नेऊ नका, तिथं हजारो व्होल्टचे ठोके असतात.

आई या वर्षी माउलींच्या पालखीबरोबर चालणार आहे. तिच्या पिशवीला लावायला छोटं सोलर सुचवा. (कोरेगाव)

सुचवत नाही. आषाढात लोणंद-तरडगाव-फलटण हा टप्पा येतो तेव्हा आभाळ भरलेलं असतं. ढगाखाली 20 वॅटचं पॅनेल 2-3 वॅट देतं, पिशवीवरचं छोटं तर काहीच नाही. त्याच पैशात तिला बटणाचा फोन घ्या. एकदा भरला की तीन-चार दिवस बघावं लागत नाही. एक भरलेली पॉवर बँक दिंडीच्या ट्रकात सामानाबरोबर द्या, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पिशवीवर नाव लिहून. बोलायची वेळ रात्रीच्या जेवणानंतरची ठरवून घ्या आणि दिवसा लागला नाही तर घाबरू नका.

सोलरवरची पॉवर बँक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवत होतो. काचेतून ऊन येतं म्हणून चार्जिंग होईल असं वाटलं. आता ती पुरीसारखी फुगली आहे. सुई टोचून हवा काढली तर चालेल का? (मिरज)

नाही! टोचायची नाही, दाबायची नाही, एकदा शेवटचं म्हणून चार्जिंगलाही लावायची नाही. ती हवा नसते. उष्णतेनं आतलं रसायन फुटून तयार झालेला वायू असतो, आणि टोचलं की आतले थर एकमेकांना लागून पेट घेऊ शकतात. बंद गाडीचा डॅशबोर्ड मिरजेच्या उन्हात 70 अंशांवर जातो, काच ऊन अडवते ते वर.

मला हसायचा अधिकार नाही. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या बघायला गेलो होतो, पॅनेल छान पसरलं, कोन बरोबर, मीटरवर 12 वॅट. पॉवर बँक मात्र तिथल्या काळ्या कातळावर, उन्हात. भाकरी खाऊन आले तर ती दगडावर बसायची सोडून डुलत होती, खालून गोल झाली होती म्हणून. दुकान चालवणाऱ्या बाईची ही गत.

तुमची आहे ती मातीच्या कुंडीत कोरड्या वाळूत ठेवा, घराबाहेर, सावलीला. महानगरपालिकेच्या कचऱ्यात टाकू नका, गाडीत दाबली की पेटते. ई-कचरा घेणाऱ्याकडं हातानं नेऊन द्या. आणि कृपा करून दाखवायला म्हणून मला पोस्टानं पाठवू नका. गेल्या महिन्यात एकानं पाठवली, वर लिहिलं होतं, "जपून उघडावे."