सही कोणाची चालते? लहान विमानांच्या तपासणीबद्दल वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत नोंदणी झालेल्या लहान विमानांबद्दलचे हे प्रश्न आहेत. उत्तरे तिथल्या एफएएच्या (हवाई वाहतूक नियामक संस्थेच्या) नियमांप्रमाणे दिली आहेत. व्हीटी अक्षरांनी नोंदलेल्या भारतीय विमानांना ती लागू होत नाहीत.

आम्ही चौघांनी मिळून जुनी सेसना १७२ घेतली आहे. चौघांपैकी एक जण प्रशिक्षक आहे. ॲन्युअल (वार्षिक तपासणी) दरवर्षी होते. शंभर तासांची तपासणीही करावी लागते का?
– एक वाचक, न्यू जर्सी

विमान कशासाठी उडते यावर ते ठरते. नियम ९१.४०९ प्रमाणे पैसे घेऊन प्रवासी नेत असाल, किंवा शिकवणाराच विमान पुरवून फी घेत असेल, तर शंभर तासांची तपासणी सक्तीची आहे. मालकाने स्वतःच्या विमानात बाहेरचा प्रशिक्षक बोलावून त्याला फी दिली तर ती लागत नाही, कारण विमान प्रशिक्षकाने दिलेले नसते. मात्र तुमच्या प्रशिक्षक भागीदाराने हेच विमान वापरून बाहेरच्या विद्यार्थ्याला फी घेऊन शिकवले, तर त्या उड्डाणाआधीच्या शंभर तासांत तपासणी झालेली हवी.

मोजणीत बहुतेकांची गफलत होते. समजा तपासणी १२०४.० तासांना झाली, तर पुढची १३०४.० ला. जिथे तपासणी होणार तिथे पोहोचण्यासाठी जास्तीत जास्त १० तासांची सवलत आहे. या १० तासांत धडे उरकून घेता येत नाहीत. वाटेत १३१०.० तास झाले, तरी त्यापुढची तपासणी १४०४.० लाच येते. वापरलेले सहा तास पुढच्या शंभरातून वजा होतात.

ॲन्युअल महिन्यावर चालते. १० मार्च २०२५ ला सही झाली असेल तर ती ३१ मार्च २०२६ पर्यंत चालते. १ एप्रिलपासून खास परवान्याशिवाय एक सर्किटसुद्धा मारता येत नाही. इथे दहा तासांसारखी सवलत नाही.

आमच्या ए अँड पी (विमानाचा सांगाडा व इंजिन दोन्हींचे रेटिंग असलेल्या) मेकॅनिकने शंभर तासांची तपासणी पूर्ण यादीनिशी केली. तीच ॲन्युअल म्हणून का धरत नाहीत?
– एक वाचक, टेक्सस

यादी दोन्हींना एकच आहे, एफएए नियमांच्या भाग ४३ चे परिशिष्ट डी. इंजिन चालवून स्थिर आणि आयडल आरपीएम, मॅग्नेटो, इंधन व तेलाचा दाब, सिलिंडर व तेलाचे तापमान पाहणे दोन्हींत बंधनकारक आहे. फरक सहीच्या अधिकाराचा आहे. एअरफ्रेम आणि पॉवरप्लांट अशी दोन्ही रेटिंग असलेला मेकॅनिक शंभर तासांची सही करू शकतो. ॲन्युअलवर सही करायला मेकॅनिककडे त्याशिवाय आयए, म्हणजे तपासणीचा अधिकार लागतो. दोन्ही रेटिंग किमान तीन वर्षे जवळ असलेला आणि मागची दोन वर्षे प्रत्यक्ष काम करत असलेला मेकॅनिकच आयएची परीक्षा देऊ शकतो. म्हणून ॲन्युअल शंभर तासांच्या तपासणीची जागा घेते, उलटे चालत नाही.

आयएची मुदत विषम वर्षाच्या ३१ मार्चला संपते. विमान सोपवण्याआधी कार्ड बघायला मागा. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

खर्च वाचवायला मालकाने काउलिंग काढणे, पॅनेल उघडणे, सीट बाहेर काढणे यात मदत करावी, त्याला हरकत नाही. तपासणी मात्र आयएने स्वतःच्या डोळ्यांनी आणि हातांनी करायची असते. दुरुस्ती देखरेखीखाली दुसऱ्याकडून करून घेता येते, ही तपासणी तशी करून घेता येत नाही. दुसऱ्याने बघितले आणि आयएने नुसती सही केली, तर ती ॲन्युअल झालीच नाही.

ॲन्युअलमध्ये मफलरला तडा निघाला, एका सिलिंडरचे कॉम्प्रेशनही कमी आले. आयएने ‘अनएअरवर्दी’ (उड्डाणास अयोग्य) लिहून यादी दिली. आता दुरुस्ती त्याच्याकडूनच करून घ्यावी लागेल का?
– एक वाचक, कॅलिफोर्निया

नाही. तपासणी झाली, नोंद झाली, सही केलेली दोषांची यादी तुमच्या हातात आली. त्याचे काम तिथे संपले. यादीतले दोष कोणताही पात्र मेकॅनिक दुरुस्त करून सही करू शकतो, नवी ॲन्युअल लागत नाही. मुख्य स्पारसारखी (पंखाच्या मुख्य तुळईची) मोठी दुरुस्ती निघाली तर त्यासाठीचा फॉर्म ३३७ आणि आयएची मंजुरी हवी.

पण यादी हातात असताना ‘जुनी ॲन्युअल महिनाअखेरपर्यंत आहे’ म्हणून उडू नका. मफलरमधला तडा विशेष घातक आहे. केबिनची ऊब त्याच्याभोवतीच्या कवचातून येते, त्यामुळे फटीतून कार्बन मोनॉक्साइड थेट आत येतो. दुसऱ्या गावी नेऊन दुरुस्त करायचे असेल तर एफएएकडून स्पेशल फ्लाइट परमिट घ्या.

माझ्याकडे प्रायव्हेट पायलटचा परवाना आहे. ऑइल मी स्वतः बदलू शकतो का?
– एक वाचक, ओहायो

विमान तुमचे असेल किंवा तुम्ही चालवत असाल आणि ते व्यावसायिक हवाई वाहतुकीत नसेल, तर हो. भाग ४३ च्या परिशिष्ट ए मधली प्रतिबंधक कामे तुमच्या हक्काची आहेत: ऑइल, टायर, स्पार्क प्लग, बॅटरीची निगा. विद्यार्थी पायलटला ही मुभा नाही.

लायकमिंग इंजिनाला पूर्ण प्रवाहाचा फिल्टर असेल तर ५० तासांनी किंवा चार महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा ऑइल बदला. नुसती जाळी असेल तर २५ तासांनी. जुना फिल्टर काढल्यावर त्याचे गॅस्केट ॲडॅप्टरला चिकटून राहिले नाही ना, हे बोट फिरवून पाहा. एकावर एक दोन गॅस्केट बसली की ऑइल हवेत असतानाच बाहेर जाते. नव्या चॅम्पियन फिल्टरच्या गॅस्केटला डीसी-४ (सिलिकॉनचे वंगण) लावा, १६ ते १८ फूट-पौंड टॉर्क द्या आणि ०.०३२ इंची सेफ्टी वायर घट्ट होण्याच्या दिशेने बांधा. जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडा. चमकणारे कण चुंबकाला चिकटले तर पोलाद, नाहीतर बहुधा ॲल्युमिनियम. मग इंजिन चालवून गळती तपासा. लॉगबुकात कामाचे वर्णन, तारीख, सही, परवान्याचा क्रमांक आणि प्रकार लिहा. नोंद करायची राहून गेली तर काम कितीही चोख असले तरी अपुरेच.

ॲन्युअल झाली की ट्रान्सपॉन्डर (रडारला उत्तर देणारे यंत्र), ईएलटी (अपघातानंतर संकटसंदेश पाठवणारे यंत्र) सगळे त्यात आले ना?
– एक वाचक, इलिनॉय

नाही. ट्रान्सपॉन्डरची चाचणी २४ कॅलेंडर महिन्यांनी, ईएलटीची १२ महिन्यांनी, आणि दोन्हींची नोंद वेगळी. ट्रान्सपॉन्डरवर आयएचीही सही चालत नाही; त्यासाठी त्या कामाचे रिपेअर स्टेशन लागते.

अमेरिकी ए अँड पी घेतले तर भारतात काम मिळेल का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

व्हीटी नोंदणीच्या विमानावर सही करायला डीजीसीएचा (भारतीय हवाई नियामकाचा) कार-६६ हा देखभाल अभियंत्याचा परवाना लागतो, ए अँड पी चालत नाही. शिवाय परदेशी नागरिकाला अमेरिकेबाहेर हे प्रमाणपत्र हवे असेल, तर अमेरिकी नोंदणीच्या विमानासाठी त्याची गरज असल्याचे एफएएला पटावे लागते. भारतात राहूनच काम करायचे असेल तर आधी कार-६६ च्या परीक्षा द्या. पुढे अमेरिकेत गेलात, तर दोन्ही रेटिंगसाठी ३० महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव कागदोपत्री दाखवावा लागेल. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक कामाची नोंद तारखेसह ठेवा आणि वरिष्ठांची सही तेव्हाच घ्या.