आधी तो एक संवाद लिहून काढ

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद. तुझं पत्र रात्रपाळी संपवून लिहिलेलं दिसतंय, शेवटी शेवटी अक्षर पेंगुळलंय. रुग्णालयात चॅप्लेन म्हणून, म्हणजे रुग्णांना आध्यात्मिक आधार देण्याच्या कामात, सहा वर्षं झाली, आता पदव्युत्तर अभ्यासाला प्रवेश घेऊ की तो वेळही रुग्णांनाच देऊ, असं विचारलंयस. प्रवेश घे. पण अभ्यासक्रमांची माहितीपत्रकं चाळण्याआधी एक काम कर.

गेल्या महिन्यातला रुग्णाबरोबरचा जो संवाद अजून मनातून जात नाही, तो शब्दाला शब्द लिहून काढ. रुग्ण काय म्हणाले, तू काय म्हणालीस, कोण किती वेळ गप्प बसलं, सलाईन बदलायला सिस्टर नेमक्या कधी आल्या, सगळं. याला व्हर्बेटिम म्हणतात हे तुला ठाऊक असेल, पण नुसतं ठाऊक असून भागत नाही. माझ्या पहिल्या व्हर्बेटिममधले वयस्कर गृहस्थ खिडकीकडे बघत म्हणाले होते, "आता घरी कुणी वाट बघत नाही." त्यावर मी विचारलं होतं, "आज डॉक्टर काय म्हणाले?" वॉर्डातून निघताना मला वाटलं, भेट छान झाली, शेवटी प्रार्थनासुद्धा झाली. आठवड्याने तेच प्रशिक्षणाच्या गटात वाचून दाखवलं, तेव्हा आमच्या मार्गदर्शक बाईंनी त्या दोन ओळींवर बोट ठेवलं. "इथून तू का पळालीस?" मला उत्तर देता येईना. माझे वडील गेले तेव्हा मी त्यांच्याजवळ नव्हते, आणि त्या गृहस्थांचं वाक्य थेट तिथेच जाऊन लागलं होतं. हे त्या दिवसापर्यंत माझं मलाच कळलं नव्हतं. नोकरीच्या रगाड्यात ते कधी कळलंही नसतं, कारण पुढच्या बेडवर दुसरं कुणीतरी थांबलेलं असतंच.

रुग्णांमध्ये राहून शिकायचं हे प्रशिक्षण ज्यांच्या कामातून वाढलं, त्या अँटन बॉइसन यांची गोष्ट अभ्यासात येईलच. 1920मध्ये हे धर्मोपदेशक स्वतः मनोरुग्णालयात दाखल झाले होते. बरे झाल्यावर 1925च्या उन्हाळ्यात त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर स्टेट हॉस्पिटलमध्ये चार विद्यार्थ्यांना घेऊन प्रशिक्षण सुरू केलं. धर्मग्रंथ जितक्या बारकाईने वाचतो, तितक्याच बारकाईने समोरचा दुःखी माणूस वाचायला हवा, हे त्यांचं म्हणणं. मला ते आजही पूर्ण पटतं.

म्हणून अभ्यासक्रम निवडताना एवढंच बघ, की तो तुला रुग्णांकडे परत पाठवतो का आणि तिथून आल्यावर जाब विचारतो का. नुसती व्याख्यानं आणि निबंध असतील तर ज्ञान वाढेल, कान तसेच राहतील. वर्गात दुसऱ्या धर्माचे, शक्य तर कुठलाच धर्म न मानणारे सहकारी असतील तर फारच उत्तम. बेडवरचा माणूस तुझ्याच श्रद्धेचा असेल असं थोडंच आहे! आणि पदवी वेगळी, व्यावसायिक प्रमाणपत्र वेगळं, याची आधीच चौकशी कर. अमेरिकेत चॅप्लेनच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रासाठी साधारणपणे पदव्युत्तर पदवी लागते, शिवाय क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशनची, म्हणजे रुग्णालयात देखरेखीखाली घ्यायच्या प्रशिक्षणाची, चार युनिट्स लागतात. एक युनिट म्हणजे किमान 400 तास. पदवी हातात आल्यावर हे कळून हळहळलेले लोक मी पाहिलेत.

आता प्रबंध. याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. तुझ्याकडे सहा वर्षांच्या आठवणी आहेत आणि त्यातली प्रत्येक एखादं प्रकरण होईल अशी आहे. पण ती माणसं चॅप्लेनशी बोलली, संशोधकाशी नाही. आजचं बोलणं मी अभ्यासासाठी वापरू का, असं तू विचारलंस तर जिने काल हात धरून प्रार्थना केली तिला ते नाही कसं म्हणतील? संमतीच्या कागदावर सही मिळेल, मनातली संमती मिळेलच असं नाही. म्हणून शक्यतो दुसऱ्या वॉर्डातल्या, तू जिथे सेवा देत नाहीस अशा रुग्णांबरोबर काम कर, किंवा विचारायला दुसऱ्या कुणाला पाठव. संशोधनाला परवानगी देणारी नैतिकता समिती अर्ज परत पाठवेल तेव्हा चिडू नकोस. समितीचा प्रत्येक प्रश्न त्या बेडवरच्या माणसाच्या वतीने विचारलेला आहे असं समजून वाच.

एवढं सांभाळून केलेला अभ्यास रुग्णांच्या कामी येतो. इंग्लंडमध्ये आधुनिक हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांची सेवा, उभी करणाऱ्या सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका झाल्या, आणि 1957मध्ये डॉक्टर. मरणाच्या दारातल्या रुग्णांचं ऐकता ऐकता त्यांनी 'समग्र वेदना' ही कल्पना मांडली: शरीराची, मनाची, नात्यागोत्यांची आणि आत्म्याची वेदना एकत्रच असते. आज उपशामक सेवेतले, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारे, डॉक्टर चॅप्लेनला आपल्या चमूत धरतात, त्यामागे ही कल्पना आहे. तुझ्या नोंदींतूनही तुझ्या चमूला काही मिळू शकेल.

वेळेचं थोडक्यात सांगते. अर्धवेळ अभ्यासक्रम घे. आठवड्यातला अर्धा दिवस अभ्यासासाठी वरिष्ठांकडून लेखी मागून घे, तोंडी कबुली पहिल्याच धावपळीच्या आठवड्यात विसरली जाते. ऑन-कॉल रात्रीनंतरच्या सकाळी वाचायला बसू नकोस, झोप. आणि घरच्यांना आधीच सांग, त्यांनाही ही दोन-तीन वर्षं जड जाणार आहेत.

तो संवाद या रविवारपर्यंत लिहून मला पाठव. नाव, बेड नंबर, आजार, सगळं काढून टाक. तुझी स्वतःची वाक्यं मात्र सुधारू नकोस, जशी तोंडातून निघाली तशीच राहू दे.

तुझी,
ताई